अठ्ठावीस मैल

३ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरने रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. डाव्या कानात गेली अकरा वर्षं जी शिटी वाजते आहे, तिच्यावरचं लक्ष म्हणे त्याने उडतं. याच शिटीपायी मला जहाज सोडून कंपनीच्या ऑफिसात खुर्ची धरावी लागली, तेव्हा तिला एवढा मान द्यायला हरकत नाही. बायको म्हणाली, "लिहा, लिहा. तेवढंच माझं डोकं खाणं कमी होईल."

आजची बातमी म्हणजे माझी बदली. समुद्री चाच्यांचा उच्छाद वाढला म्हणून सरकार आणि जहाज कंपन्यांनी मिळून एक माहिती कक्ष उघडला आहे. कोणाला कुठे संशयास्पद होडी दिसली ते कंपन्यांनी सांगायचं, नौदलाला काय कळलं ते सरकारने सांगायचं, आणि दोन्ही एकत्र करून रोज सकाळी सातला एक कागद सगळ्या जहाजांना पाठवायचा. तो कागद मी लिहिणार. साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं स्वच्छ लिहिणारं आपल्याकडे दुसरं कोण आहे?" खरं म्हणजे तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, पण स्तुती कोणाला कडू लागते?

खोली बंदराच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. सहा टेबलं आणि मधोमध फायलींचं एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सरकार.

७ मार्च, शुक्रवार

आठवडाभरात माहितीची देवाणघेवाण झाली ती एवढीच, की चहाची किटली त्यांच्या बाजूला आहे आणि साखर आमच्या.

सरकारच्या बाजूला नौदलाच्या एक कमांडरबाई प्रमुख आहेत. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याने वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबणाऱ्या. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या पत्रातल्या तीन चुका काढल्या. तेव्हापासून त्या मला मास्तर म्हणतात आणि त्यांचं पाहून सगळी खोली म्हणते.

९ मार्च, रविवार

लेक जेवायला आली होती. औषधांच्या दुकानात आठवडाभर उभं राहून पाय सुजतात तिचे, पण बस म्हटलं तरी बसत नाही. जावईबापू जानेवारीपासून जहाजावर आहेत. दुसऱ्या कंपनीच्या तेलवाहू जहाजावर चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखाल. समुद्रावरचा मुलगा नको, हे मी लग्नाआधी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. सांगणारा स्वतः बावीस वर्षं समुद्रावर होता म्हणून कोणी ऐकलं नाही.

माणूस वाईट नाही. फार मोठ्याने हसतो आणि माझी खुर्ची विचारल्याशिवाय बाल्कनीत नेतो, एवढंच. सहा वर्षं झाली, दर खेपेला म्हणतो, "बाबा, मला अहोजाहो नका करू हो. परक्यासारखं वाटतं." मी म्हणतो, बघू.

११ मार्च, मंगळवार

आज कोंडी फुटली, आणि सांगायला हरकत नाही, ती मी फोडली.

कंपन्या माहिती देत नव्हत्या. आपल्या जहाजाला चाचे दिसले असं बाहेर पडलं की विमेवाले दर चढवतात आणि माल पाठवणारे दुसरीकडे जातात. जहाजाचं नाव गाळलं तरी भागत नाही, कारण नेमकी जागा आणि वेळ दिली की इंटरनेटवर कोणीही शोधून काढतो तिथे कोणतं जहाज होतं ते. सरकारलाही आपली विमानं कुठे फिरतात ते उघड करायचं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत बसले होते.

मी म्हणालो, नेमकी जागा देऊच नका. अक्षांश-रेखांश पूर्ण अंशावर आणा. एका अंशाची साठ मिनिटं आणि उत्तर-दक्षिण मोजताना एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मिनिटं तीसच्या आत असली तर खालचा अंश लिहायचा, वर असली तर वरचा. दोन्ही बाजूंना एकच नियम.

कमांडरबाई म्हणाल्या, "म्हणजे खरी जागा तीस मैल इकडे किंवा तिकडे असू शकते."

"असू शकते. पण त्या भागातून जाणारा सावध तर होईल ना? आज तर काहीच जात नाहीये."

"ठीक. पण दर वेळी 'अंदाजे' लिहा, मास्तर."

कंपन्यांना नियमाचं पत्र गेलं. साहेबांचा शाबासकीचा फोन आला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीला आठ दिवस लागले तुम्हा सगळ्यांना?"

१४ मार्च, शुक्रवार

कागद रोज जातो आहे. पण दोन कॅप्टनांची तक्रार आली की वाचून काही बोध होत नाही. मी आजचा कागद परक्याच्या नजरेने वाचला. अर्ध्या पानात सहा वेळा 'अंदाजे'. अंदाजे, सुमारे, कदाचित हे शब्द लिहिणाऱ्याची पाठ राखतात, वाचणाऱ्याच्या काही कामाचे नसतात. मी सगळे काढून टाकले. नियम काय आहे ते कंपन्यांना पाठवलेल्या पत्रात आहेच, त्यांच्या ऑफिसांनी जहाजांना कळवलंच असेल. कमांडरबाई आठवडाभर दौऱ्यावर आहेत, त्यांच्या कारकुनाने न वाचता सही केली.

कागद आता कसा घोटून काढल्यासारखा दिसतो.

१६ मार्च, रविवार

लेकीने जावईबापूंचा निरोप ऐकवला. जहाजावरून बोलून पाठवतात, मागे वारा घोंघावत असतो.

"बाबा, कागद आता एकदम सुटसुटीत झालाय हं! आधी कॅप्टनसाहेब नुसती घडी घालून ठेवायचे. आता मी सकाळच्या चहाला सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सांगतो, माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय, नीट ऐका."

मी लेकीला म्हटलं, "सांग त्यांना, कामाच्या वेळी काम करावं माणसाने." निरोप मात्र तीनदा ऐकला. शिटीमुळे पहिल्यांदा नीट ऐकू येत नाही.

२० मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी आमच्याच कंपनीच्या एका जहाजाने कळवलं. मासेमारीची मोठी बोट, इंजिन बंद करून उभी, जाळी कुठेच नाहीत आणि मागे दोन वेगवान होड्या बांधलेल्या. लक्षण स्पष्ट आहे. चाचे अशाच बोटीवर दिवसचे दिवस दबा धरून बसतात. साहेबांचा लगेच फोन, "आपलं नाव कुठे येता कामा नये हं."

मूळ नोंदीत अक्षांशाचे पूर्ण अंश आणि वर अठ्ठावीस मिनिटं. तीसच्या आत, म्हणून खालचा पूर्ण अंश. चार ओळींत सगळं बसलं. इतका नेटका कागद अजून माझ्या हातून झाला नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार, दुपारी

आज मला या नोकरीचा अर्थ कळला. सकाळी जावईबापूंचा निरोप आला आणि या खेपेला सरळ माझ्या फोनवर.

"बाबा, तुमचा कालचा कागद! आम्ही बरोबर त्याच अंशावरून पश्चिमेला चाललो होतो. कॅप्टनसाहेब म्हणाले, असे इशारे रोज येतात. मी म्हटलं, माझे सासरे उगाच लिहिणाऱ्यातले नाहीत. शेवटी ऐकलं त्यांनी. तीस मैल उत्तरेला सरकून जातोय. थोडा उशीर होईल, होऊ दे. आल्यावर तुमच्या खुर्चीत बसून सगळं सांगतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते इथे लिहायला लाज नाही. सहा वर्षं ज्या माणसाशी मी तोलून मापून बोललो त्याने माझ्या शब्दाखातर आपल्या कॅप्टनशी हुज्जत घातली.

मी खोलीत सगळ्यांना सांगितलं, एका जहाजाने आपला कागद वाचून वाट बदलली. सगळ्यांनी टेबलं वाजवली. कमांडरबाई आजच दौऱ्यावरून आल्या आहेत, त्यांनी विचारलं, "कोणतं जहाज? कुठल्या बाजूला सरकलं?"

मी हसून म्हणालो, "ते दुसऱ्या कंपनीचं. त्यांच्या परवानगीशिवाय मी कसं सांगणार? नियम म्हणजे नियम, बाई."

त्याही हसल्या. स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तीन चाळीसला जावईबापूंच्या जहाजावरून धोक्याचा संदेश आला. मग काही नाही. लेक आमच्याकडे आली आहे. तिच्या आईने तिचा हात धरून ठेवला आहे.

२२ मार्च, शनिवार

सात वाजता कक्षात होतो. कपाटाच्या अलीकडचा माणूस म्हणून मला पलीकडचं काही सांगता येत नाही, असं कमांडरबाईंच्या कारकुनाने नजर खाली घालून सांगितलं. मला मिळाला तो सगळ्यांना मिळतो तोच कागद. आज तो मी लिहिला नव्हता.

"एका तेलवाहू जहाजावर हल्ला. कर्मचारी इंजिनाजवळच्या सुरक्षित खोलीत. एक कर्मचारी जखमी असण्याची शक्यता आहे."

जखमी असण्याची शक्यता आहे. हे वाक्य मीच बसवून दिलेलं आहे, पहिल्या आठवड्यात. त्याच्या मागे काय काय असू शकतं याची यादीही मीच केली होती. मी तो कागद हातात धरून विचारलं, "कोण जखमी? किती?" कोणी वर बघेना. पंचवीस माणसं आहेत जहाजावर, आपलाच माणूस कशाला असेल, असं मी लेकीला फोनवर सांगितलं.

जागा वाचली आणि माझं डोकंच फिरलं. हल्ल्याची जागाही तोच पूर्ण अंश! जिथे जाऊ नका म्हणून आम्ही लिहिलं तिथेच जहाज सापडलं. म्हणजे कॅप्टनने जावईबापूंच्या तोंडावर होकार दिला आणि जहाज मात्र सरळच हाकलं. थोडा वेळ वाचवण्यासाठी. मी मोठमोठ्याने बोललो असणार, कारण सगळे बघत होते.

दुपारी कमांडरबाईंनी विसाव्या तारखेच्या इशाऱ्याची मूळ नोंद मागितली. मी काढून दिली. त्यांनी ती हल्ल्याच्या फायलीशेजारी ठेवली, मग माझा छापलेला कागद ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आमच्या कंपनीचं नाव शोधताहेत.

"हे जहाज तुमच्या जावयांचं, हे काल मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "मास्तर, घरी जा. तुमच्या मुलीपाशी बसा."

"कॅप्टनवर कारवाई होईल ना?"

"घरी जा," त्या पुन्हा म्हणाल्या. एवढ्या प्रेमाने त्या कधी बोलल्या नव्हत्या.

२३ मार्च, रविवार

नौदलाचं जहाज पोहोचल्यावर चाचे पळाले. चोवीस माणसं सुखरूप आहेत.

जावईबापू शुक्रवारीच गेले. सगळ्यांना खाली पाठवून ते जहाज चालवायच्या वरच्या खोलीत थांबले, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायला. दारातच गोळी लागली. शनिवारी सकाळी मी तो कागद हातात धरून उभा होतो तेव्हा त्यांना जाऊन अर्धा दिवस उलटून गेला होता.

लेक रडली नाही. तिने दुकानात फोन करून सांगितलं की मी उद्या येणार नाही. मग म्हणाली, "परवाही नाही," आणि फोन तिच्या आईच्या हातात दिला.

३० मार्च, रविवार

काल त्यांना आणलं. अंत्यविधी उरकले. 'उरकले' काय, जसं काही घरातलं काम होतं. दुसरा शब्द सापडत नाही.

आज लेकीने विचारलं, "बाबा, हे झालं कसं? ते तर म्हणाले होते वाट बदलली." मी तिला दोन्ही कागद दाखवले. इशाऱ्यातला अंश आणि हल्ल्यातला अंश, अगदी तोच. कॅप्टनने ऐकलं नाही, मी म्हणालो. तिने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानात चिठ्ठी वाचायची तिची तीच सवय आहे.

"तुम्ही तर सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्याकडून केलंत, बाबा." आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

६ एप्रिल, रविवार

कॅप्टन लेकीच्या घरी आला. मी तिथेच होतो. साठीकडे झुकलेला बुटका माणूस. म्हणाला, "मुली, त्यांनी शेवटी तुझ्यासाठी काही सांगितलं होतं. मी फोन करून सांगणार होतो, पण म्हटलं समोर जाऊनच..."

लेकीने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "माझ्या वडिलांनी लिहून पाठवलं होतं तुम्हाला. माझ्या नवऱ्याने हातापाया पडून सांगितलं होतं. तुम्हाला वेळ वाचवायचा होता. निघा इथून."

तो माझ्याकडे बघत राहिला. लेकीने त्याच्या तोंडावर दार लावलं. मला खोटं कशाला लिहायचं आहे, बरं वाटलं. कोणीतरी तोंडावर बोलायला हवंच होतं त्याला.

१२ एप्रिल, शनिवार

आज तो माझ्या घरी आला. बायकोने दार उघडलं आणि मला न विचारता त्याला आत घेतलं.

तो बसला नाही. टेबलावर जहाजाच्या मार्गाचा नकाशा पसरला. "तुमच्या मुलीसमोर हे काढावं असं मला वाटलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः जहाजावर होता. तुम्हीच वाचा."

नकाशावर पेन्सिलीची रेघ अंशावरून सरळ आली होती आणि विसाव्या तारखेला दुपारी उत्तरेला वळली होती. तिचा बाक मी ओळखला. समुद्रावर असताना हजारदा काढला आहे. तीसेक मैल वर जाऊन ती पुन्हा सरळ झाली होती आणि तशीच पश्चिमेला गेली होती. जिथे संपली तिथे अंशावर एकोणतीस मिनिटं लिहिली होती.

"म्हणजे तुम्ही वळला होता," मी म्हणालो.

"वळलो होतो. तुमच्या जावयाने स्वतः रेघ मारली. इतका विश्वास होता त्याचा. ती बोट एक मैलावर उभी होती. मला आजवर कळलेलं नाही की ती तिथे कशी आली. तुमच्या कागदात तर ती खाली होती."

एकोणतीस. तीसच्या आत. म्हणून खालचा अंश. हल्ल्याच्या कागदातही माझाच नियम लागला होता. आणि इशाऱ्याच्या मूळ नोंदीत अठ्ठावीस.

शिटी इतकी वाढली की तो पुढे काय बोलला ते ऐकू आलं नाही. बायकोने मला खाली बसवलं. बोट तिथे आलीच नव्हती. बोट तिथेच होती. मीच ती कागदावर अठ्ठावीस मैल खाली नेली, शेजारचा 'अंदाजे' पुसला, आणि खालच्या अंशावरून सुखाने जाणाऱ्या माणसाला हात धरून तिच्यापर्यंत पोहोचवलं.

मी त्याला सगळं सांगितलं. नियम, अठ्ठावीस, 'अंदाजे'. त्याने नियमाचं पत्र कधी पाहिलंच नव्हतं. ते त्याच्या कंपनीच्या ऑफिसातून पुढे गेलं नव्हतं. मग त्याने नकाशाची घडी घातली. "मी तुमच्या मुलीला काही सांगणार नाही," तो म्हणाला. "माझ्याबद्दल तिला काय वाटायचं ते वाटू दे. मला काय, दोन वर्षांत निवृत्तच व्हायचंय."

तो गेल्यावर बायको एकच वाक्य बोलली. "तुम्ही त्या माणसाला शिव्या खाऊ दिल्यात."

१४ एप्रिल, सोमवार

कक्षात गेलो. कमांडरबाईंनी मला बघितलं आणि त्यांना कळलं.

"तुम्हाला बावीस तारखेलाच कळलं होतं," मी म्हणालो.

"हो. माझ्याने सांगवलं नाही, मास्तर. शुक्रवारी सकाळी मी जहाजाचं नाव विचारलं होतं तुम्हाला, हे मी माझ्या अहवालात लिहिलेलं नाही. तुम्हाला तेवढ्यापुरतं तरी..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. दुसऱ्याचं पूर्ण होईपर्यंत थांबणारी बाई, तिचं स्वतःचं अर्धं राहिलं.

"लिहा," मी म्हणालो. "लिहायला हवं. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर पाच तास हातात होते."

नियम बदलला आहे. आता नेमकी जागा जाणार आणि विम्याचं काय ते कंपन्या बघून घेतील. सहा आठवड्यांपूर्वी ज्यांना हे अशक्य वाटत होतं, त्यांनी अर्ध्या तासात सह्या केल्या.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "जे झालं ते नियमाला धरून झालं. तुमची वैयक्तिक चूक कुठेच नाही, तसं पत्र देतो मी. आणि हे बघा, घरात बोलायची काही गरज नाही. मुलीला उगाच आणखी त्रास."

मी तीन दिवस त्याच्यावर विचार करतो आहे असं लिहिणार होतो, पण फोन आजच आला. विचार मी शनिवारपासून करतो आहे. तिच्यापाशी आता नवरा नाही, भाऊ नाही. आई आणि बाप आहेत. सांगितलं तर बाप जाईल. न सांगितलं तर बाप राहील, पण खोटा. मी भित्रा आहे. समुद्रावर नव्हतो, किनाऱ्यावर आल्यावर झालो.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज सांगितलं.

बायको म्हणाली, मी बरोबर येते. मी नको म्हणालो. ती आलीच आणि लेकीच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत उभी राहिली, म्हणजे आम्हाला बोलता यावं.

मी माझ्याकडचा त्या भागाचा जुना नकाशा नेला होता. त्याच्यावर दोन टिंबं काढली, एक खरं आणि एक माझं. आधी 'अंदाजे' सांगितलं, मग तीसचा नियम, मग अठ्ठावीस, मग त्या सकाळी बाईंनी विचारलेलं आणि मी न सांगितलेलं. तिने मध्येच थांबवलं नाही. सगळं संपल्यावर विचारलं, "तुमचा कागद आला नसता तर ते सरळ गेले असते?"

"हो."

"सरळ गेले असते तर बोट अठ्ठावीस मैल लांब राहिली असती."

"हो."

"बाबा, रोज इतके कागद येतात जहाजावर. दुसऱ्या कोणाचा असता तर कॅप्टनने घडी घालून ठेवला असता. यांनीही आग्रह केला नसता. तो तुमचा होता म्हणून हे भांडले." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्यांना तुम्हाला खूश करायचं होतं. सहा वर्षं तेच चाललं होतं त्यांचं. तुम्हाला कळायचं ना?"

मला कळायचं. मी हो म्हणालो आणि मला रडू आवरेना. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला, हात मात्र लावला नाही.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. लेक उठली. "त्या कॅप्टनचा नंबर द्या."

मी दिला. तिने तिथेच, माझ्यासमोर फोन लावला. "मी बोलतेय," ती म्हणाली. "माझं चुकलं. तुम्हाला मी दारातून हाकललं. मला माफ करा." पलीकडून तो बराच वेळ बोलत असावा. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही काही सांगायला आला होता. त्यांनी काय सांगितलं होतं?"

ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. मला फक्त तिची पाठ दिसत होती. दोनदा "हो" म्हणाली. एकदा हसल्यासारखा आवाज आला, आणि लगेच तिने कपाळ काचेला टेकवलं. शेवटी "बरं, काका" म्हणून फोन ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणाले होते ते?"

ती वळली. डोळे लाल होते, पण चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा जरा सैल वाटला.

"ते तुम्हाला नाही सांगणार मी, बाबा," ती म्हणाली.

बायकोने हात पुसत येऊन माझी पिशवी उचलली. आम्ही जिना उतरून बसथांब्यापर्यंत चालत आलो.